कडूपणा कुणाच्या भल्याचा?

बिअरला चार गोष्टी लागतात: पाणी, बार्लीचं माल्ट, यीस्ट आणि हॉप्स. पहिल्या तिघांशिवाय बिअर होतच नाही. चौथ्याशिवाय मात्र माणसं हजारो वर्षं ती करत आणि पीत आली. तरी आज बिअरच्या बाजूने बोलणारा माणूस बहुधा या चौथ्याचाच आधार घेतो. हॉप्सने झोप लागते, हॉप्स कर्करोगाला अटकाव करतात, मुतखडा होऊ देत नाहीत. विरोधकांच्या तोंडीही हॉप्सच असतात: त्यांच्यामुळे म्हणे पुरुषांची छाती वाढते.

यातलं खरं किती हे समजून घ्यायला मी दोघांना समोरासमोर बसवलं. एक जण पुण्यातल्या एका मायक्रोब्रूअरीत ब्रूअर आहे. दुसरी त्याची मावशी, उभं आयुष्य यकृताचे रुग्ण तपासत आलेली डॉक्टर. दोघांना एकमेकांच्या कामाबद्दल आदर आहे, पण मतं जुळत नाहीत. मी मध्ये फारसा पडलो नाही.

मावशी: आधी मला तुझी वस्तू दाखव. नुसतं नाव ऐकून मी कशावर मत देत नाही.

भाचा: हे घे. फुलोरे वाळवून, दळून, दाबून केलेल्या या गोळ्या. आम्ही पेलेट्स म्हणतो. बोटांत चुरगळून वास घे.

मावशी: लिंबाची साल, थोडं गवत... आणि काहीतरी राळेसारखं.

भाचा: ती राळच महत्त्वाची. ही वेल असते, ह्युमुलस लुपुलस. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. आम्हाला मादी वेलीचे शंकूसारखे फुलोरे लागतात. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते, लुपुलिन. आमचा सगळा धंदा त्या पुडीवर चालतो. गिऱ्हाईक विचारतं, ही गांजाच्या कुळातली ना? कूळ तेच आहे, पण गांजातलं नशा आणणारं द्रव्य हिच्यात नसतं.

मावशी: आपल्याकडे होते?

भाचा: हिमाचलात, लाहौलच्या खोऱ्यात लागवड होत आली आहे. पण जगाचा माल मुख्यतः येतो तो बव्हेरियातल्या हालरटाऊमधून, अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातून आणि चेक देशातल्या झाटेत्सहून. झाटेत्सची हॉप्सची शेतं आणि गावातल्या जुन्या वखारी २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. पुण्यात वेल जगेल, पण पीक येणार नाही. तिला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. आपला मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जरासा पुढे जातो. त्यामुळे वेल पुरती वाढायच्या आतच फुलून मोकळी होते.

मावशी: बरं. ही बिअरमध्ये घालायची कशाला?

भाचा: माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेला रस म्हणजे वर्ट. तो गोड असतो, नुसता आंबवला तर मिळमिळीत लागतो. हॉप्समध्ये अल्फा आम्लं असतात, त्यांतलं मुख्य ह्युमुलोन. ती आहेत तशी पाण्यात नीट विरघळत नाहीत. वर्टमध्ये घालून तास-दीड तास खळाखळा उकळलं की त्यांच्या रेणूची रचना बदलते, ती विरघळतात आणि कडू होतात. पण उकळताना सुगंधी तेलं उडून जातात. म्हणून वासाचे हॉप्स अगदी शेवटी पडतात, आमटी उतरवताना कोथिंबीर घालतो तसे. काही तर आंबवण झाल्यावर थंड टाकीत पडतात, त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. हजार लिटर साध्या लागरला किलो-दीड किलो हॉप्स पुरतात. वासाच्या आयपीएला, म्हणजे इंडिया पेल एलला, दहा किलोसुद्धा लागतात.

मावशी: म्हणजे चव आणि वास. एवढंच?

भाचा: एवढंच असतं तर मी ब्रूअर झालो नसतो. हॉप्स बिअर राखतात. लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस, बिअर आंबट करणारे हे जंतू. हॉप्सची आम्लं त्यांच्या पेशीच्या आवरणातून आत शिरतात आणि सोबत हायड्रोजनचे आयन नेतात. आत-बाहेरच्या आम्लतेतला जो फरक सांभाळून तो जंतू जगतो, तो फरकच मोडतो. यीस्टला मात्र यातलं काही बाधत नाही. फेस टिकतो तोही याच आम्लांमुळे. बाटली तपकिरी काचेची असते तीही यांच्यासाठी: प्रकाश लागला की याच आम्लांपासून गंधकाचं एक संयुग होतं आणि बिअरला असह्य दर्प येतो.

हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. ज्याला आपला कच्चा माल इतका आतून माहीत आहे, त्याचं बोलणं ऐकायला मला फार आवडतं. मावशीही मध्ये न बोलता ऐकत होती.

मावशी: हे लोकांना कळलं कधी?

भाचा: ८२२ साली फ्रान्समधल्या कॉर्बी मठाच्या नियमांत मठाधिपती अडालहार्डने बिअरच्या संदर्भात हॉप्सचा उल्लेख केला आहे. त्याआधी आणि नंतरही कित्येक शतकं ग्रूट नावाचं वनस्पतींचं मिश्रण घालत. पण खरी साक्ष बाराव्या शतकातली आहे. जर्मनीतली हिल्डेगार्ड, बिंगेनजवळच्या मठाची प्रमुख आणि वैद्यकाची जाणकार. ती लिहिते की हॉप्सच्या कडूपणामुळे पेयं नासत नाहीत, टिकतात.

मावशी: तिचं अर्धंच वाक्य सांगतोयस. हिल्डेगार्ड मीही वाचली आहे. त्याच ठिकाणी ती म्हणते की ही वनस्पती माणसाच्या फारशा कामाची नाही, हिने मनाची उदासी वाढते आणि आतली इंद्रियं जड होतात. उदासीचं मी सोडून देते, ते त्या काळच्या वैद्यकाचं मत. पण तिने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पेयाला जे हितकर ते पिणाऱ्याला हितकर असेलच असं तिने गृहीत धरलं नाही. नऊशे वर्षांनी तुमच्या जाहिराती नेमकं तेच गृहीत धरतात.

भाचा: मावशी, पण टिकणाऱ्या पेयाने माणसाचंही भलं होतंच की. ग्रूटमध्ये कोण काय घालतंय याचा भरवसा नव्हता. बव्हेरियात १५१६ साली ड्यूक विल्हेल्मने कायदा केला: बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी, चौथं काही नाही. त्यामागे गहू रोटीसाठी राखायचा हेतू होता, कराचं राजकारणही होतं. पण पिणाऱ्याला आपण काय पितो ते कळू लागलं. आणि भारताशी याचा थेट संबंध आहे. अठराव्या शतकाच्या शेवटाला लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला बिअर पाठवत होती. आफ्रिकेला वळसा घालून यायला महिनोन्‌महिने लागत, विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागे. भरपूर हॉप्स घातलेली बिअर त्या उकाड्यात टिके. हॉजसनने ती शोधून काढली ही दंतकथा आहे, इंग्लंडात तशी कडक बिअर आधीपासून होत होती. पण इंडिया पेल एल हे नाव त्या प्रवासाचं आहे.

मावशी: आता माझ्या प्रांतात येऊ. हॉप्समुळे पुरुषांची छाती वाढते, हे तू ऐकलं असशील.

भाचा: रोज ऐकतो. आणि त्याला उत्तर काय द्यावं ते मला कळत नाही, कारण त्यात काहीतरी तथ्य आहे असंही वाचलंय.

मावशी: तथ्य आहे. हॉप्समध्ये ८-प्रेनिलनारिंजेनिन नावाचं द्रव्य असतं. वनस्पतींमध्ये जी इस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं सापडली आहेत, त्यांतल्या सर्वांत प्रभावी द्रव्यांत ते मोडतं. १९९९ च्या सुमाराला ते ओळखलं गेलं. हॉप्स तोडणाऱ्या बायकांची पाळी बिघडते, ही जुनी तक्रार होती, तिच्यापर्यंत तो धागा पोचला. पण बिअरमध्ये ते किती येतं? लिटरला काही मायक्रोग्रॅम, साधारण वीसच्या आत. एवढ्याने पुरुषाच्या शरीरात फरक पडल्याचा पुरावा नाही. माझ्याकडे वर्षानुवर्षं पिणारे पुरुष येतात, छाती वाढलेली असते, अंगावरचे केस विरळ झालेले असतात. ते मद्याचं काम. मद्य वृषणांतलं टेस्टोस्टेरॉन घटवतं, आणि यकृत थकलं की शरीरातलं इस्ट्रोजेन वेळेवर मोडलं जात नाही. देशी दारू पिणाऱ्यालाही हेच होतं, आणि तिच्यात हॉप्सचं एक पानही नसतं.

भाचा: म्हणजे हॉप्स निर्दोष. हे मी माझ्या बारच्या भिंतीवर लावू?

मावशी: लाव, पण मग त्याच मापाने पुढचंही मोज. हॉप्सचं औषध म्हणून नाव घेतात तेव्हा कशाचं नाव घेतात?

भाचा: झँथोह्युमॉल. पेशींवरच्या प्रयोगांत कर्करोगाच्या वाढीला आळा घालतं, दाह कमी करतं. हे मी फुगवून सांगत नाही, प्रयोग खरे आहेत.

मावशी: खरे आहेत. काचेच्या बशीतल्या पेशींवर अनेक द्रव्यं उत्तम काम करतात. आता मला ब्रूअर म्हणून सांग, वर्ट उकळताना झँथोह्युमॉलचं काय होतं?

भाचा: बहुतेक सगळं रूप बदलतं, आयसोझँथोह्युमॉल होतं. काही गाळात बसतं, काही यीस्टला चिकटून जातं. साध्या लागरमध्ये लिटरला ०.२ मिलिग्रॅमसुद्धा उरत नाही.

मावशी: माणसांवरच्या अभ्यासांत ते मिलिग्रॅमच्या हिशेबात, शुद्ध करून देतात. समज वीस मिलिग्रॅम हवेत. तुझ्या हिशेबाने किती लिटर लागर?

भाचा: शंभर.

मावशी: पाच टक्क्यांच्या शंभर लिटरमध्ये पाच लिटर निव्वळ मद्य. छाती वाढायला मात्रा अपुरी म्हणून हॉप्सना निर्दोष ठरवलंस, तर कर्करोग रोखायलाही ती अपुरीच आहे. आणि त्याच पेल्यात जे पुरेशा मात्रेत आहे, त्याचं काय? मद्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच पहिल्या गटात घातलं. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्त्रियांचे स्तन. २०२३ च्या जानेवारीत त्याच संघटनेने स्पष्ट सांगितलं की मद्याची अमुक मात्रा निर्धोक, असं म्हणता येत नाही.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मला वाटतं, या वादाची गाठ इथेच आहे. मात्रेचा नियम आपल्या सोयीच्या बाजूने तेवढा लावायचा, हे दोन्हीकडचे लोक करतात.

भाचा: कर्करोगाचं मी मानलं. मुतखड्याचं नाही मानत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी पाहणी झाली, १९९९ साली छापली गेली. बिअर पिणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण लक्षणीय कमी होतं. अमेरिकेतल्या पाहण्याही तोच कल दाखवतात. आणि ह्युमुलोन हाडांची झीज थोपवतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. हाडातलं कॅल्शियम कमी सुटलं तर खडेही कमी होतील, नाही का?

मावशी: पाहण्या मला माहीत आहेत, आणि त्या टाकाऊ नाहीत. पण त्या काय सांगतात? जे बिअर पीत होते त्यांच्यात नवे खडे कमी झाले. त्याचं सर्वांत सरळ कारण म्हणजे पोटात जास्त पातळ पदार्थ गेला, लघवी जास्त आणि पातळ झाली. ते काम पाणी करतं. ह्युमुलोनचा दुवा हा तर्क आहे, माणसात कुणी तो जोडून दाखवलेला नाही. आणि आपल्याकडे बिअर कशी सांगतात? खडा झालाय, कळ येतेय, दोन बाटल्या मार, पडेल. अडकलेल्या खड्यामागे लघवीचा लोंढा लावला तर कळ वाढते आणि मूत्रपिंडावर दाब येतो. खडा युरिक आम्लाचा असेल तर बिअरने तो वाढायला मदतच होते, तिच्यात प्युरिन्स असतात. माझ्याकडे यकृत सुजून आलेल्या माणसाला मी विचारते, सुरुवात कधी झाली? कितीदा तरी उत्तर येतं, मुतखड्यावर म्हणून घेतली होती, मग राहिली. घरच्यांनीच आणून दिलेली असते, मायेने. हे ऐकताना मला आजही वाईट वाटतं.

भाचा: मी कुणाला औषध म्हणून बिअर विकली नाही, मावशी.

मावशी: मला माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी बोलतेय.

भाचा: मग माझी बाजू ऐक. आपल्या राज्यात लोक काय पितात? सहाशे पन्नास मिलीची बाटली, सात-आठ टक्क्यांची स्ट्राँग. तिच्यात कडूपणा नावाला. थंडगार, गोडसर, पाण्यासारखी घशाखाली जाते. माझी आयपीए कडू आहे, वासाची आहे, ती घोट घोट घ्यावी लागते. कडूची गोडी लागलेला माणूस हपापून पीत नाही. हॉप्सचा हा परिणाम कुठल्या रेणूत मोजता येत नाही, पण तो मी रोज समोर बघतो.

मावशी: हिशेब करू. सहाशे पन्नास मिली, आठ टक्के: बावन्न मिली मद्य, म्हणजे जवळपास एकेचाळीस ग्रॅम. हे भयंकर आहे, तुझ्याशी सहमत. आता तुझी आयपीए किती टक्क्यांची?

भाचा: साडेसहा.

मावशी: अर्ध्या लिटरच्या मगमध्ये पंचवीस ग्रॅमच्या वर. माणूस दोन मग घेतो ना? पन्नास ग्रॅम झाले. हॉप्स वाढवले की मद्यही का वाढतं?

भाचा: कडूपणाला तोलायला माल्टचं अंग लागतं. माल्ट वाढलं की साखर वाढते, साखर वाढली की मद्य वाढतं. चार टक्क्यांची हॉपी बिअर करता येते, मी करतो, पण ती जमवणं कठीण असतं. जरा चुकलं की नुसता काढा लागतो.

मावशी: म्हणजे जितकी हॉपी तितकी कडक, हा साधारण नियम. तुझं सावकाश पिणारं गिऱ्हाईक मी मानते, ते आहे. पण यकृताला घोट मोजता येत नाहीत, ते ग्रॅम मोजतं.

भाचा: आणि झोप? युरोपात हॉप्स भरलेली उशी घेऊन झोपायची रीत आहे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीसुद्धा हॉप्सला झोपेसाठी आणि मनावरच्या हलक्या ताणासाठी मान्यता देते.

मावशी: पारंपरिक वापर म्हणून देते. अर्थ असा की दीर्घकाळ वापरात आहे आणि अपाय दिसलेला नाही. चाचण्यांनी सिद्ध झालं असा त्याचा अर्थ नाही. शिवाय ती मान्यता वाळलेल्या फुलोऱ्याला आहे, बिअरला नाही. मद्याने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, हे झोपेच्या अभ्यासात वारंवार दिसलंय.

भाचा: म्हणूनच मी तुला वेगळी गोष्ट सांगणार होतो. स्पेनमध्ये पाळीपाळीने काम करणाऱ्या परिचारिकांना रात्रीच्या जेवणाबरोबर मद्यविरहित बिअर दिली. त्यांना झोप लवकर लागली.

मावशी: किती जणी होत्या?

भाचा: सतरा.

मावशी: सतरा जणींवरून मी कुणाला काही सांगणार नाही. पण हा प्रश्न मला आवडला. हॉप्समध्ये काही गुण असेल तर तो मद्याच्या पाठीवर बसवून का पाजायचा? मद्य काढून टाक. मग मी तुझ्या हॉप्सशी भांडणार नाही.

भाचा: तुला वाटतं तितकं ते सोपं नाही. बिअरमध्ये रोगजंतू वाढत नाहीत ते एकट्या हॉप्समुळे नव्हे. मद्य, आम्लता, कार्बन डायऑक्साइड, साखर संपलेली असणं, सगळी मिळून राखण करतात. हॉप्सची आम्लं एका जातीच्या जंतूंवर चालतात. ई. कोलाय, साल्मोनेला यांच्या अंगावर आणखी एक आवरण असतं, त्यांना हॉप्सचं काही वाटत नाही. मद्य काढलं आणि थोडी साखर राहिली की बॅरलमध्ये, नळाच्या पाइपात तेच जंतू वाढू शकतात. मला आम्लता वाढवावी लागेल, पाश्चरायझर बसवावा लागेल. छोट्या ब्रूअरीत तो नसतो.

मावशी: म्हणजे हजार वर्षं पहारा हॉप्सचा म्हणून सांगतात, आणि अर्धा पहारा मद्याचा होता.

भाचा: हो, अर्धा नक्की. म्हणून मी बिअरमधून मद्य काढण्याऐवजी हॉप्सचं पाणी करायच्या विचारात आहे. साखरच नाही, माल्ट नाही. थंड पाण्यात ड्राय हॉपिंग, सायट्रिक आम्लाने आम्लता चारच्या खाली, गॅस भरायचा, गाळून बॅरलमध्ये. वास पूर्ण आयपीएचा.

मावशी: कडू?

भाचा: बेताचं. थंडीत आम्लांचं रूप बदलत नाही, त्यामुळे कडूपणा कमी उतरतो. आणि माल्टचा गोडवा नसताना जास्त कडूपणा जिभेला नुसता ओरखडतो. आणखी एक, गाळलेल्या हॉप्सचा चोथा मी मागच्या दाराला टाकू देणार नाही. तुला माहीत नसेल, कुत्र्याने हॉप्स खाल्ले तर त्याचा ताप झपाट्याने चढतो, जीवसुद्धा जातो. अमेरिकेत अशी कुत्री दगावली आहेत. माझ्या आवारात चार-पाच भटकी कुत्री असतात.

मावशी: हे मला खरंच माहीत नव्हतं. घरी बिअर करणाऱ्यांना सांगतोस का?

भाचा: जो हॉप्स विकत मागायला येतो त्याला आधी हे सांगतो.

मावशी: मग त्या पाण्याच्या पाटीवरही असंच खरं लिही. झोप येते, खडा पडतो, कर्करोग टळतो, यातलं काहीही लिहायचं नाही. किंमत?

भाचा: बिअरच्या निम्मी ठेवता येईल. अबकारी कर लागणार नाही, पण हॉप्स आयातीचे आहेत, त्याहून खाली नाही जाता येणार. आणि मावशी, मी बिअर करायची थांबवणार नाही. हे पाणी बिअरच्या शेजारच्या नळावर असेल.

मावशी: शेजारच्या नळावर असेल तर मुलं त्या दुकानाची सवय लावून घेतील, आणि पुढच्या वर्षी हात पलीकडच्या नळाकडे जाईल. ते मला मान्य नाही. बाटलीत भर आणि बाहेर किराणा दुकानात ठेव.

भाचा: बाटलीत भरायचं तर पाश्चरायझर आला.

मावशी: किती रुपयांचा येतो तो?

भाचा: लहानातला लहान बघावा लागेल. आधी वीस लिटर करून बघतो. तू चव घ्यायला येशील?

मावशी: सकाळी बोलाव, बार उघडायच्या आधी. आणि आम्लता मोजलेला कागद आधी दाखव, मग ग्लास भर.